आरव्हीने अमेरिका ओलांडताना: स्टेट पार्कातले मुक्काम, पाणी, वीज आणि डंप

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेणारे बहुतेक जण आधी गाडी ठरवतात, मग रस्ता, आणि मुक्कामाच्या जागा सगळ्यात शेवटी बघतात. स्टेट पार्कांत, म्हणजे राज्य सरकारच्या उद्यानांत, राहायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी जागा, मग रस्ता, मग गाडी. कारण साधं आहे. यातली बरीच जुनी कॅम्पग्राउंड १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी बांधली. तेव्हा लोक तंबू किंवा छोटासा ट्रेलर घेऊन यायचे. आतले रस्ते, वळणं, दोन झाडांमधलं अंतर, सगळं त्या मापाचं आहे. मोठी सावली आणि शांतता मिळते ती त्यामुळेच, आणि ३० फुटी गाडी अडकते तीही त्यामुळेच.

दुसरा फरक सोयींचा. खासगी आरव्ही पार्कात वीज, पाणी आणि ड्रेनेज तिन्ही साइटवरच, म्हणजे गाडी लावायच्या जागेवरच, मिळतं. त्याला फुल हुकअप म्हणतात. स्टेट पार्कात सहसा वीज किंवा वीज-पाणी असतं, ड्रेनेज क्वचितच. कॅम्पग्राउंडमधून बाहेर पडायच्या रस्त्यावर सगळ्यांसाठी मिळून एक डंप स्टेशन, म्हणजे टाक्यांतली घाण ओतायची जागा, असतं. म्हणून ही सहल गाडीखालच्या तीन टाक्यांच्या हिशोबावर चालते: स्वच्छ पाणी, सांडपाणी म्हणजे ग्रे टँक, आणि मैल्याची ब्लॅक टँक. हा हिशोब जमला की बाकी सगळं सोपं.

जागा कधी धरायची

प्रत्येक राज्याचं आरक्षण वेगळं आणि खिडकी उघडण्याची मुदतही वेगळी. कॅलिफोर्नियात ६ महिने आधी, टेक्ससमध्ये ५ महिने आधी. फ्लोरिडात राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी मिळतं, बाहेरच्यांना १० महिने. साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कचं आरक्षण वर्षभर आधी उघडतं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री सगळ्यात आधी जातात. रविवार ते गुरुवार अशी आखणी केली तर ऐन वेळेलाही जागा मिळू शकते, म्हणून लांबचा प्रवास आठवड्याच्या मधल्या दिवसांत पार्कांत आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री शहराजवळच्या खासगी आरव्ही पार्कात, अशी सांगड बसवा.

साइट निवडताना चार गोष्टी वाचा: साइटची लांबी, उलट घालायची आहे की सरळ आरपार, वीज ३० अँपिअर की ५०, आणि पाणी साइटवर आहे की सामाईक नळावर. गाडी ३० फुटी असेल तर किमान ३५ फुटांची साइट धरा. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारी भिंत असेल, तर साइटच्या फोटोत डावी-उजवीकडे झाड किंवा खांब आहे का ते बघा. वीज-पाण्याची जोडणी गाडीच्या डाव्या अंगाला मागे असते आणि वायर साधारण २५ ते ३० फुटांची असते, तेव्हा खांब कुठे आहे हेही फोटोत दिसायला हवं.

एक चूक फार होते. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास स्टेट पार्कात चालत नाही. स्टेट पार्कं राज्य सरकारची, त्यांचं प्रवेश शुल्क वेगळं, आणि कित्येक ठिकाणी ते कॅम्पिंगच्या भाड्यात धरलेलंही नसतं. टेक्ससमध्ये तीन-चार मुक्काम असतील तर तिथल्या वार्षिक पासचं गणित मांडून बघा. एकाच गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश त्यात येतो.

गाडी

चार जणांच्या कुटुंबाला क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, २५ फुटांच्या आसपासची गाडी पुरते. त्याहून लांब गाडी घेण्याचा मोह आवरा. २५ फुटांत जुन्या पार्कांतल्या बहुतेक साइट खुल्या राहतात. दोघंच असाल तर व्हॅनच्या आकाराची क्लास बी चालवायला सोपी, पण तिच्या टाक्या लहान.

साधारण क्लास सी गाडीत स्वच्छ पाणी ३० ते ४० गॅलन मावतं. ग्रे आणि ब्लॅक टाक्याही जवळपास तेवढ्याच, बहुधा थोड्या लहान. एक गॅलन म्हणजे ३.८ लिटर. इंधन पेट्रोलच, तिथे त्याला गॅस म्हणतात, आणि मायलेज गॅलनला ८ ते १० मैल.

भारतातून जाणाऱ्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा आणि मूळ परवानाही जवळ ठेवावा. विम्याबाबत गाफील राहू नका. क्रेडिट कार्डावर मिळणारं भाड्याच्या गाडीचं संरक्षण सहसा आरव्हीला लागू होत नाही, आणि भाडे कंपनीच्या विम्यातूनही छत, ऑनिंग (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर) आणि गाडीचा तळ बऱ्याचदा वगळलेला असतो. नुकसान नेमकं तिथेच होतं.

ताब्यात घेताना घाई केली तर पुढे रोज भरावं लागतं. फ्रिज आदल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा. हे फ्रिज थंड व्हायला १२ तास सहज घेतात. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांपुढच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. सहा-सात वर्षांहून जुना टायर नक्षी चांगली दिसली तरी नाकारा, कारण उभ्या गाडीचं रबर आतून वाळतं आणि उन्हात महामार्गावर फुटतं. हवा सकाळी, टायर गार असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरा. एसी, गीझर, पंप, स्टोव्ह, जनरेटर सगळं चालवून घ्या. सीवर होज, म्हणजे डंपचा पाइप, उघडून भोक आहे का बघा. छताचं आणि ऑनिंगचं चित्रीकरण करून ठेवा.

एक खरा रस्ता: मेम्फिस ते विन्स्लो

पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला आय-४० हा सगळ्यात सरळ मार्ग, आणि त्यावर टोलही नाही. दिवसाला २०० मैलांच्या आसपास चाललं तर स्टेट पार्कांची जणू शिडीच लागते. टेनेसीतल्या मेम्फिसहून निघाल्यावर सुमारे १९५ मैलांवर आर्कान्सातलं पेटिट जीन, त्या राज्याचं पहिलं स्टेट पार्क. तिथून २०५ मैलांवर ओक्लाहोमात लेक युफॉला. मग २१५ मैलांवर फॉस, तलावाच्या काठी. पुढे १९५ मैलांवर टेक्ससमधलं पालो ड्युरो कॅनियन. २०५ मैलांवर न्यू मेक्सिकोतलं सँटा रोझा लेक, २२५ मैलांवर ब्लूवॉटर लेक, आणि शेवटी १७५ मैलांवर ॲरिझोनात विन्स्लोजवळ होमोलोव्ही, जिथे होपी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या वस्त्यांचे अवशेष आहेत. एकूण १,४०० मैलांच्या आसपास, म्हणजे १४० ते १७५ गॅलन पेट्रोल. विन्स्लोहून फ्लॅगस्टाफ तासाभरावर, आणि पुढे ग्रँड कॅनियन.

दोन मुक्कामांत २०० मैलांहून थोडंच अधिक अंतर का? आरव्ही ताशी ६० मैलांनी चालवायची असते, पेट्रोलला आणि जेवायला थांबावं लागतं, आणि नव्या साइटवर उजेड असतानाच पोहोचायचं असतं. दुपारी ३ च्या आत गाडी लागली तर सगळं निवांत होतं. प्रत्येक ठिकाणी एकच रात्र राहू नका. पेटिट जीन आणि पालो ड्युरोला दोन-तीन रात्री ठेवा. रोज जोडणी-सोडणी करून माणसं थकतात आणि चुका करतात.

हंगाम मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरअखेर. ओक्लाहोमातले टॉर्नेडो, म्हणजे जमिनीवरची भोवऱ्यासारखी वादळं, मे महिन्यात सर्वाधिक असतात, पालो ड्युरोत उन्हाळ्यात पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो. ब्लूवॉटर लेक ७,००० फुटांच्याही वर असल्याने ऑक्टोबरात तिथे रात्री पाणी गोठू शकतं; तशा रात्री बाहेरचा पाइप सोडून आतल्या टाकीवर राहा. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ॲरिझोनाचं घड्याळ शेजारच्या न्यू मेक्सिकोपेक्षा तासभर मागे असतं, पोहोचण्याची वेळ धरताना ते लक्षात ठेवा.

रस्त्यावर

एसीसकट गाडीची उंची १२ फुटांच्या आसपास भरते. नेमका आकडा फूट-इंचांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. आय-४० सारख्या आंतरराज्य महामार्गावर पुलांची चिंता नसते. धोका असतो तो शहरातल्या जुन्या रेल्वेपुलांचा, पेट्रोल पंपाच्या छपराचा आणि ड्राइव्ह-थ्रूचा, म्हणजे गाडीत बसूनच खाणं घ्यायच्या खिडकीचा. नॉर्थ कॅरोलिनात डरॅम इथला एक रेल्वेपूल ट्रकांची छतं सोलण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तो ८ इंच उचलला, तरी उंची १२ फूट ४ इंचच. फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते. उंची-लांबी भरता येणारं आरव्हीचं नेव्हिगेशन वापरा.

काही रस्ते आरव्हीला बंदच असतात. ग्लेशियर नॅशनल पार्कातल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या वरच्या भागात २१ फुटांहून लांब गाडी नेता येत नाही. कस्टर स्टेट पार्कातल्या नीडल्स हायवेवरचा बोगदा जेमतेम ८ फूट रुंद आहे. तिथे आरव्ही साइटवर ठेवून दुसऱ्या वाहनाने जावं लागतं.

वळताना मागची शेपटी बाहेर फेकली जाते, कारण मागची चाकं गाडीच्या टोकापासून बरीच पुढे असतात. उजवीकडे वळलात तर मागचा डावा कोपरा दीड-दोन फूट डावीकडे जातो. पंपाजवळचे पिवळे खांब बहुतेक वेळा असेच धडकतात. पंपापासून निघताना आधी गाडीची निम्मी लांबी सरळ पुढे न्या, मग वळवा. ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी रुंद रांग असते, तीच धरा.

टेक्ससच्या उत्तर टोकाला आडवा वारा जोरात असतो. ताशी २५-३० मैलांचा सलग वारा आणि त्यावर ४० चे झोत असा अंदाज असेल तर त्या दिवशी निघूच नका. पालो ड्युरोत कॅनियनच्या तळाशी उतरणारा रस्ता १० टक्के उताराचा आणि वळणांचा आहे. वरच टो-हॉल (उतारावर इंजिनाने वेग रोखणारं) बटण दाबा, खालच्या गिअरवर उतरा, आणि ब्रेक सलग दाबून न ठेवता थोडा दाबून सोडत चला. सतत दाबलेला ब्रेक तापतो, द्रव उकळतो आणि पेडल रिकामं जातं. खाली नदीच्या फाट्यावरून रस्ता जातो. पाऊस झाला असेल तर वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

साइटवर

गाडी आत घालण्याआधी सगळ्यांनी उतरून साइट पायी फिरून बघा: खाली बुंधे आणि दगड, वर फांद्या. उलट घालताना मागे उभ्या असलेल्या माणसाने ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसत राहायचं. तो आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे. दोघांनी फोन चालू ठेवला तर ओरडाआरडा वाचतो.

मग गाडी समतल करा. समपातळी बघायची पट्टी (स्पिरिट लेव्हल) फ्रिजमध्ये ठेवा. गॅसवर (इथे पेट्रोल नव्हे, सिलिंडरमधला प्रोपेन) चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनिया नुसत्या उतारावर वाहतो. गाडी कलती राहिली तर तो एका जागी साचतो, तापतो आणि फ्रिज कायमचा निकामी होतो. आडवा कल ३ अंशांच्या आत हवा. प्लॅस्टिकचे ठोकळे रांगेने मांडून बुटक्या बाजूचं चाक त्यावर चढवा. मागे जोडचाकं असतात, दोन्ही टायरांखाली पूर्ण आधार हवा. त्यानंतर चाकांना अडसर, मग वीज, मग पाणी, आणि स्लाइड शेवटी बाहेर.

वीज

खांबावरचा ब्रेकर बंद करा, सर्ज प्रोटेक्टर लावा, ब्रेकर चालू करा, दिवे बघा. उलट ध्रुवता किंवा तुटलेलं अर्थिंग दाखवलं तर ऑफिसात सांगून साइट बदलून घ्या. दिवे ठीक असतील तर ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची वायर लावा, मग चालू करा.

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, एवढ्यावरच सगळं घर. एसी १३ ते १५ अँपिअर खातो, मायक्रोवेव्ह १२-१३, विजेवरचा गीझर साधारण १२, बॅटरीचा चार्जर ५ च्या आसपास. म्हणजे एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालवलं की काठावर, त्यात गीझर लागला की ब्रेकर उडणार. उपाय: गीझर गॅसवर ठेवा आणि एका वेळी एकच जड वस्तू चालवा. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर १५ अँपिअर घेते आणि आतल्या सॉकेटचा ब्रेकर उडवते. मध्यम जोरावर चालते.

पाणी

पिण्याच्या पाण्यासाठीचा पांढरा किंवा निळा पाइप वेगळा ठेवा. नळाला आधी प्रेशर रेग्युलेटर, मग फिल्टर, मग पाइप. डोंगराळ पार्कांत दाब खूप असू शकतो आणि आरव्हीचे प्लॅस्टिकचे सांधे त्याला टिकत नाहीत. ४५ ते ५० पीएसआय पुरे. पाइप जोडला की पंप बंद.

टाकी बराच काळ पडून असेल तर निर्जंतुक करा. दर १५ गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, म्हणजे ४० गॅलनला पाऊण कपापेक्षा जरा कमी. बादलीत पातळ करून टाकीत ओता, टाकी भरा, प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, ४ तास ठेवा, रिकामी करा आणि वास जाईपर्यंत धुवा. गीझरमध्ये पाणी भरलंय याची खात्री गरम नळ सोडून करा. कोरड्या गीझरची विजेची कॉइल काही क्षणांत जळते.

काही पार्कांत पाणीच दुर्मिळ. युटातल्या डेड हॉर्स पॉइंटला पाणी ट्रकने वर आणतात, म्हणून टाकी खालीच, मोआबमध्ये भरून जायचं असतं. अंघोळीला पार्कातली न्हाणीघरं वापरलीत तर चौघांना ४० गॅलन दोन-तीन दिवस पुरतं. गाडीत अंघोळ केलीत तर ग्रे टाकी दुसऱ्या दिवशी भरते आणि पाणी पायाशी वर येतं. ग्रे पाणी जमिनीवर सोडणं नियमाविरुद्ध आहे.

डंप

ब्लॅक टाकीचा झडपा मुक्कामभर बंदच ठेवायचा, साइटवर ड्रेनेज असलं तरी. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं, घन मैला मागे राहून घट्ट ढीग होतो आणि तो काढायला दुरुस्तीवाला लागतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की एका दमात रिकामी करा. पाण्याचा लोंढाच मैला घेऊन जातो. शौचाला पाणी वापरायची आपली सवय या टाकीला चांगलीच मानवते. नुकसान करतो तो कागद. वापरायचाच तर लवकर विरघळणारा, तोही थोडा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, कधीच टाकू नका. पातळी दाखवणारे दिवे कागद चिकटला की खोटं सांगतात, दिवस मोजा.

क्रम असा: हातमोजे घाला. दोन्ही झडपे बंद आहेत याची खात्री करून मगच टोपण काढा. पाइपचं टोक गाडीला फिरवून घट्ट बसवा, दुसरं टोक भोकात घालून त्यावर दगड ठेवा, कारण लोंढ्याने पाइप उसळतो. आधी ब्लॅक उघडा. आवाज पूर्ण थांबला की बंद करा. मग ग्रे उघडा, साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. पाइप गाडीकडून भोकाकडे उचलत निथळा. टोपण लावा. शेवटी कमोडमधून २ गॅलन पाणी आणि टँकचं औषध टाका. कोरड्या तळावर पडलेलं चिकटतं. डंपजवळच्या धुण्याच्या नळाला पिण्याचा पाइप कधीही लावू नका. रविवारी ११ वाजता डंपला लांब रांग लागते, ९ च्या आत आटपा.

स्वयंपाक

फोडणी बाहेर द्या. लहानशा गाडीत मिरची-मोहरीचा धूर धुराची घंटा वाजवतोच, आणि तेलकट वास गाद्यांत बसतो. साइटवर टेबल असतं. एका नळकांड्याचा छोटा स्टोव्ह आणि ३ लिटरचा कुकर बाहेर ठेवा. आतल्या स्टोव्हचे बर्नर जवळजवळ असतात, मोठा तवा दोन्ही अडवतो. ताटं धुण्याआधी कागदाने पुसा. भाताची शितं, डाळ आणि तेल ग्रे टाकीत गेलं की तळाशी थर धरतं, आणि डंप केल्यावरही वास जात नाही. रात्री बाहेर खाण्याचं काहीही ठेवू नका. रकून नावाचे प्राणी डब्यांची झाकणं उघडतात. शेकोटीची लाकडं त्याच भागात विकत घ्या. दुसऱ्या राज्यातल्या लाकडातून झाडं मारणारे किडे पसरतात आणि कित्येक ठिकाणी ती आणायला बंदी आहे.

हवामान आणि निघताना

पोहोचल्याबरोबर काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव कागदावर लिहा. वादळाचे इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात, आणि नुसतं पार्कचं नाव माहीत असून उपयोग होत नाही. टॉर्नेडोत आरव्ही अजिबात सुरक्षित नाही. आसरा कुठे घ्यायचा, बहुधा पक्क्या बांधणीचं न्हाणीघर, हे पहिल्याच संध्याकाळी ऑफिसात विचारा. झोपताना आणि बाहेर जाताना ऑनिंग गुंडाळा. अर्ध्या मिनिटाचा झोत ती मुळासकट उपटतो.

निघायच्या सकाळी आत एकाने, बाहेर दुसऱ्याने तपासायचं आणि मग जागा बदलून पुन्हा. आत: छताच्या खिडक्या, फ्रिजची कडी, कपाटं, पंप बंद, ओट्यावर काही नाही. बाहेर: स्लाइड आत, वायर, पाइप, अडसर, ठोकळे, पायरी, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते, आणि तिची किंमत पहिल्याच अरुंद वळणावर कळते. गाडी वीसेक फूट पुढे घेऊन थांबवा, उतरा, आणि मोकळ्या झालेल्या साइटवर काय राहिलंय ते बघा.